मुक्या डब्यांना कंठ फुटू द्या

बँकेत पैसे भरायला गेलेल्या माणसाचे लक्ष कॅशियरच्या हाताकडे असते. त्याच्या पडद्यामागे किंवा टेबलाखाली ठेवलेल्या, पोथीएवढ्या काळ्या डब्याकडे कोणी पाहत नाही. या डब्याला 'थिन क्लायंट' म्हणतात. आमच्या शाखांमधून त्याला नुसते 'नोड' किंवा 'डबा' म्हणत. त्याच्या पोटात फिरणारी चकती नसते, बहुतेकांत पंखाही नसतो. खातेदाराची शिल्लक, व्याज, सह्या यांतले काहीच तो जवळ बाळगत नाही. दूरच्या मोठ्या यंत्राने केलेला विचार पडद्यावर दाखवणे आणि आपण दाबलेली बटणे तिकडे पोहोचवणे, एवढीच त्याची नोकरी. काही वर्षांनी ती संपते आणि तो लिलावात किलोच्या भावाने निघतो.

या निवृत्त डब्यावर जुने संगणकीय खेळ खेळता येतात, तेही संगीतासकट, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. विषय पोरखेळाचा वाटेल, पण तो तसा नाही असे माझे म्हणणे आहे. नांदेड-लातूरच्या मुलांच्या हाती आपण काय देतो आणि भंगारात काय फेकतो, असे दोन्ही प्रश्न त्यात गुंतलेले आहेत.

हा डबा बँकेत आला कसा, ते आधी पाहू. यंत्रे नोकऱ्या खातील या भीतीने १९८० च्या दशकात बँक कर्मचारी संघटनांनी मोठा विरोध केला. १९८३ साली संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात करार झाला आणि मर्यादित यांत्रिकीकरणाला वाट मिळाली. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये एक आणि १९८९ मध्ये दुसरा अहवाल दिला. शाखांत लेजर पोस्टिंग मशीन आले. पुढे एक सर्व्हर आणि त्याला जोडलेली चार-सहा 'डम टर्मिनल' आली. शतक पालटल्यावर कोअर बँकिंग आले आणि हिशेब शाखेतून उठून दूरच्या डेटा सेंटरमध्ये गेला. मग टेबलावर आख्खा संगणक ठेवायचा कशाला? त्यातून माहिती चोरीला जाण्याची भीती, विषाणूची भीती, विजेचे बिल मोठे. थिन क्लायंट म्हणजे त्या जुन्या डम टर्मिनलचाच शिकलेला नातू. फरक एवढाच की आजोबांना स्वतःची अक्कल नव्हती. नातवाला ती पुरेशी असते, पण वापरायची परवानगी नसते.

हा फरक महत्त्वाचा आहे. सर्वसाधारण थिन क्लायंट हा लहान का होईना, पण पुरता संगणक असतो. त्याला प्रोसेसर आहे, स्मृती आहे, आणि बहुतेकांना ध्वनीची सोयही आहे. बँकेने ती कधी वापरली नाही, एवढेच.

ध्वनीचा मुद्दा मी मुद्दाम काढतो, कारण आपल्या भागातल्या एका पिढीने संगणक मुकाच पाहिला. १९९० च्या दशकात शाळेच्या संगणक कक्षात चपला बाहेर काढून जावे लागे. तास संपता संपता सरांची पाठ वळली की मुले 'डेंजरस डेव्ह' नाही तर 'प्रिन्स ऑफ पर्शिया' सुरू करीत. ऐकू येई ती फक्त यंत्राच्या पोटातल्या छोट्या स्पीकरची टिकटिक आणि पिपाणी. डेव्हच्या बाबतीत ते ठीकच होते, कारण जॉन रोमेरोने तो खेळ त्या स्पीकरसाठीच रचला होता. परंतु जॉर्डन मेक्नरच्या १९८९ सालच्या प्रिन्सची जी आवृत्ती डॉसवर आली, तिला संगीत होते, तलवारींचा खणखणाट होता. तो ऐकायला साउंड कार्ड लागे. अ‍ॅडलिबचे कार्ड १९८७ मध्ये निघाले, सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर १९८९ मध्ये. सरकारी खरेदीच्या यादीत साउंड कार्ड ही चैन होती. ते खेळ असे बोलतात हे आमच्याकडच्या बहुतेक मुलांना कळलेच नाही. ज्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा नकली निन्टेन्डो होता, किंवा तासावर पैसे घेणारे गल्लीतले पार्लर जवळ होते, त्यांनी तेवढे 'मारिओ' आणि 'कॉन्ट्रा' यांचे सूर ऐकले.

आता आक्षेप येईल. लातूर पॅटर्नने ज्या प्रदेशाला ओळख दिली, जिथे दहावीनंतर घराघरांत 'नीट'चे वेळापत्रक भिंतीवर लागते, तिथे मुलांना खेळाचे यंत्र आणून द्या म्हणणारा हा म्हातारा कोण? आक्षेप चुकीच्या गृहीतावर उभा आहे. मूल खेळते आहेच. क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप गटासाठी त्याला मोबाइल आपणच घेऊन दिला, आणि त्यावर ते काय खेळते हे आपल्याला ठाऊक नसते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांनी इतकी घरे पोखरली की ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला त्यांवर बंदी घालणारा कायदा करावा लागला. पण पैसे न लावता खेळायचे जे 'फुकट' खेळ उरतात, तेही निरागस नाहीत. त्यांची कमाई जाहिरातींवर आणि खेळता खेळता करायच्या खरेदीवर चालते. खेळ कधीच संपू नये, यातच त्यांचे हित.

माझी सगळी नोकरी कर्जाच्या कागदांत गेली, म्हणून त्याच भाषेत सांगतो. जुना खेळ हे मुदतीचे कर्ज होते. एकदा किंमत दिली, ठरलेले टप्पे पार केले, राजकन्या सुटली, खाते बंद. आजचा फुकट खेळ हे सावकाराचे कर्ज आहे. रोज थोडे व्याज घेतो आणि मुद्दल तसेच ठेवतो. मुलाने खेळावे की नाही, हा वाद आपण केव्हाच हरलो आहोत. खाते बंद करता येणारा खेळ त्याच्या हाती द्यायचा की न येणारा, एवढीच निवड आता आपल्या हाती आहे. आणि मुख्य खोलीत ठेवलेल्या, इंटरनेट न जोडलेल्या डब्यावर मूल काय करते, ते जाता-येता सगळ्यांना दिसते.

आता घ्यायचा कसा ते सांगतो. नांदेडच्या माणसाला सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर हाताच्या अंतरावर आहे. देवगिरी एक्स्प्रेस सोडतेही तिथेच. मुंबईला लॅमिंग्टन रोड आहे. आपल्या गावातले संगणक दुरुस्त करणारेही असे डबे मागवून देतात. किंमत नव्या साध्या मोबाइलपेक्षा कमी असते. पण स्वस्ताच्या नादात चुकीचा डबा गळ्यात पडू शकतो, म्हणून काही गोष्टी आधी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, 'झीरो क्लायंट' घेऊ नये. अनेक संगणक वर्गांत एका संगणकाला पाच-सहा जोडण्यासाठी अशा छोट्या डब्या बसवलेल्या असत. मुख्य यंत्रावाचून त्या निर्जीव असतात. दिसायला थिन क्लायंटसारख्याच, म्हणून विचारूनच घ्यावे.

दुसरी गोष्ट, आवाजाचे भोक. हेडफोनची खाच आहे का, आणि ती चालते का, हे दुकानातच गाणे लावून ऐकावे. काही यंत्रे आवाज पडद्याच्या केबलमधूनही पाठवतात, पण पडद्याला स्पीकर नसेल तर त्याचा उपयोग नाही. घरातल्या जुन्या व्हीजीए पडद्याच्या तारेतून आवाज जातच नाही.

तिसरी गोष्ट, कुलूप. कंपन्यांनी आणि बँकांनी या यंत्रांच्या बायॉसला पासवर्ड लावलेला असतो. तो काढून मिळत नसेल तर यंत्र तिथेच सोडावे.

चौथी गोष्ट, अ‍ॅडाप्टर. तो मूळचाच मागावा. डेलच्या वाइज ३०४० या छोट्या यंत्राचे ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट असे दोन प्रकार आहेत, दिसायला जुळे. पाचच्या जागी बाराचा लावला तर खेळ सुरू होण्याआधीच संपतो. शिवाय त्याची साठवण बोर्डावरच डाख देऊन बसवलेली असते, वाढवता येत नाही. एचपीच्या टी-६२० मध्ये स्मृती आणि साठवण दोन्ही बदलता येतात.

आता मुख्य अडचण. जुना डॉसवरचा खेळ साउंड ब्लास्टरला ठरलेल्या पत्त्यावर हाक मारतो. पत्ता २२०, इंटरप्ट ५ किंवा ७. त्या पत्त्यावर कोणी राहत नसेल तर खेळ मुका राहतो, यंत्रात नवी ध्वनिचिप कितीही चांगली असली तरी. जुन्या घरमालकाच्या नावाने आलेले पत्र नवा भाडेकरू उघडत नाही, तसे.

यावर दोन वाटा आहेत. पहिली, बरीच जुनी यंत्रे शोधण्याची. व्हिआ कंपनीच्या '६८६' या चिपमध्ये साउंड ब्लास्टर प्रोचे सोंग घेण्याची सोय मुळातच होती. ती असलेल्या यंत्रावर खरेखुरे डॉस चढवून खेळता येते. ज्या थिन क्लायंटमध्ये पीसीआय कार्डाची जागा असते, त्यात यामाहाच्या वायएमएफ-७२४ चिपचे कार्ड बसते. त्या काळचे संगीत यामाहाच्याच चिपांवर वाजत असे, त्यामुळे तो सूर अस्सल लागतो. यूएसबीची ध्वनिकांडी मात्र डॉसमध्ये सहसा कामाला येत नाही. अलीकडे 'एसबीईएमयू' नावाचा एक मोफत प्रोग्राम निघाला आहे. तो अनेक नव्या ध्वनिचिपांना डॉसमध्येच साउंड ब्लास्टरसारखे वागायला लावतो.

दुसरी वाट सोपी आहे, आणि घरोघरी मी तीच सुचवीन. २०१२ नंतरचा, एचपी टी-६१० किंवा टी-६२० सारखा डबा घ्यावा. त्यावर लिनक्स चढवावे आणि २००२ पासून उपलब्ध असलेला डॉसबॉक्स हा मोफत प्रोग्राम टाकावा. तो जुना संगणक आणि साउंड ब्लास्टर दोन्ही कल्पनेत उभे करतो. आवाज फाटू लागला तर यंत्र दमले असे समजावे आणि डॉसबॉक्सच्या 'सायकल्स' कमी कराव्यात. टीव्ही गेमच्या खेळांसाठी 'बॅटोसेरा'सारखी मोफत प्रणाली पेनड्राइव्हवरूनही चालते. असा डबा साध्या बल्बपेक्षाही कमी वीज खातो. २००० नंतरच्या दशकातले बारा-बारा तासांचे भारनियमन ज्यांनी भोगले, त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

एक गोष्ट कायद्याची. जुना झाला म्हणून खेळ बेवारस होत नाही. बहुतेक खेळांवर आजही कोणाची तरी मालकी आहे, आणि 'हजार खेळ भरून देतो' म्हणणारा दुकानदार दुसऱ्याचा माल विकत असतो. खुशाल खेळावेत असे खेळही पुष्कळ आहेत. १९९३ सालच्या 'डूम'चा पहिला भाग त्याच्या कर्त्यांनी मोफत वाटण्यासाठीच काढला होता. त्याचा मूळ प्रोग्राम १९९७ मध्ये खुला झाला, आणि त्यावर 'फ्रीडूम' हा पूर्णपणे मुक्त खेळ उभा राहिला. तो बंदुकांचा खेळ आहे, म्हणून मोठ्या मुलांसाठी. बाकीचे जुने खेळ रीतसर आणि स्वस्तात विकत मिळतात.

या सगळ्या खटपटीत मूल जे शिकते, ते कुठल्या क्लासमध्ये शिकवत नाहीत. यंत्र उघडता येते. आवाज आला नाही तर त्याला कारण असते, आणि ते शोधता येते. चार स्क्रू काढून स्मृतीची पट्टी बदललेले मूल पुढे यंत्रापुढे हात जोडून उभे राहत नाही. संगणकाचे प्रमाणपत्र आपल्याकडे घरोघरी पोहोचले. एमएस-सीआयटीने ते काम केले. संगणकाशी सलगी मात्र पोहोचली नाही.

म्हणून ही गोष्ट एकेका घरापुरती ठेवू नये. आपल्याकडे तालुक्या-तालुक्यात, गावोगावी सार्वजनिक वाचनालये आहेत. १९६७ च्या कायद्याने त्यांना अनुदान मिळते, पण कित्येक ठिकाणी संध्याकाळी वर्तमानपत्र चाळणाऱ्या माणसांखेरीज कोणी फिरकत नाही. अशा वाचनालयात चार डबे, चार जुने पडदे आणि चार हेडफोन ठेवले तर मुले येतील. आलेली मुले कधी ना कधी मागच्या कपाटाकडेही वळतील. ज्यांच्या घरी यंत्र येणे शक्य नाही, त्यांची सोय होईल ती वेगळीच.

डबे कुठून आणायचे? बँका, पतसंस्था, विमा कचेऱ्या, विद्यापीठे यांच्या कोठारांत ते पडून असतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी मोठ्या ग्राहकांना त्यांचा ई-कचरा नोंदणीकृत यंत्रणेकडेच देणे बंधनकारक केले आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्याच नियमांत जुनी यंत्रे दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांनाही स्थान आहे. चालू यंत्र आणि कचरा यांत फरक करायला नियमाची आडकाठी नाही, सवयीची आहे. खातेदारांची माहिती बाहेर जाईल ही भीतीही इथे फारशी टिकत नाही. माहिती जवळ ठेवू नये म्हणूनच तर हा डबा निवडला होता. त्याच्या छोट्या साठवणीतले जे काही असेल ते पुसून टाकणे एका तंत्रज्ञाचे दुपारचे काम आहे.

जुनी मालमत्ता खात्यातून काढताना शाखेत एक टिपण तयार होते. वस्तूचे नाव, खरेदीचे वर्ष, घसारा, शिल्लक किंमत आणि शेवटी 'विल्हेवाट' असा रकाना. शिल्लक किंमत बहुधा एक रुपया असते. त्या रकान्यात 'भंगार' लिहिण्याआधी अधिकाऱ्याने एक प्रश्न विचारावा: हे यंत्र चालते का? चालत असेल तर तिथे जवळच्या वाचनालयाचे किंवा शाळेचे नाव लिहावे आणि वरिष्ठांनी त्यावर सही करावी. बँकेचा त्यात एक रुपयाच जाईल.