बाळ घरी आलं, पण दुसरी सोनोग्राफी राहिली तर?

नंदुरबार : सातव्या महिन्यातच जन्मलेलं, दीड किलोही न भरणारं बाळ जिल्ह्याच्या ठिकाणी 'एसएनसीयू'त म्हणजे नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात दाखल होतं. पेटीत राहतं, हळूहळू वजन धरतं आणि घरी जातं. 'बाळ वाचलं' म्हणून घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण मेंदूची तपासणी पूर्ण झाली का, हा प्रश्न मागेच राहू शकतो.

३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात. रक्तस्राव झाला तर तो बहुतांशी पहिल्या तीन दिवसांत होतो, आणि अनेकदा बाहेरून काहीच दिसत नाही. टाळू अजून भरलेली नसते, त्यामुळे तिथूनच सोनोग्राफीने मेंदू पाहता येतो. सुई नाही, भूल नाही, एक्स-रेसारखे किरणही नाहीत. यंत्र पेटीपाशी आणलं की बाळाला हलवावंही लागत नाही.

मात्र पहिल्या आठवड्यातली तपासणी चांगली आली म्हणजे काम संपलं, असं नाही. मेंदूच्या आतल्या भागाला झालेली काही इजा दोन ते चार आठवड्यांनंतरच चित्रात दिसते. पुढे पाय ताठर होणं, चालायला उशीर होणं याचा संबंध या इजेशी असतो. म्हणून चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी लागते. खरी गळती इथंच होते. तोवर बाळ धडगाव नाहीतर मोलगीकडच्या पाड्यावर पोहोचलेलं असतं. जिल्ह्याला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. कुटुंब कामासाठी गुजरातेत गेलं, तर तारीख हुकलीच समजा.

यावर उपाय नवी योजना आणण्याचा नाही, आहे ते जोडण्याचा आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई ४२ व्या दिवसापर्यंत ठरलेल्या भेटी देतात. आजारी बाळाची ने-आण आणि तपासणी जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. डिस्चार्ज कार्डावर पुढच्या सोनोग्राफीची तारीख ठळक लिहिली आणि तीच आशाताईंना कळवली, तर १०२ ची गाडी वेळेत बोलावता येईल.

तपासणीत दोष दिसला म्हणजे बाळ अपंगच होणार, असं नाही. सौम्य रक्तस्रावाची बरीच बाळं नीट वाढतात. डोक्यात पाणी साचू लागलं तर वेळेत शस्त्रक्रिया करता येते, आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात व्यायामोपचार लवकर सुरू होऊ शकतात. उशीर झाला की हाच फायदा निसटतो.

सुट्टी घेताना आई-बापांनी एवढंच विचारावं : "डोक्याची सोनोग्राफी झाली का, आणि पुढची कधी?"