ही गोळी घेऊ नका

बँकेत काउंटरच्या आत बसलेल्या माणसाला जगातले सगळे कळते, असा काउंटरच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाचा एक भाबडा समज असतो. पूर्वी लोक आम्हाला मुलीसाठी स्थळ विचारत. मग मुदत ठेवीचे व्याज विचारू लागले. हल्ली पासबुक पुढे सरकवता सरकवता विचारतात, "सायेब, पोट्ट्याले टॅबलेट घेऊन देऊ का लॅपटॉप?"

आता मी पडलो बी.कॉम. संगणकाशी माझे नाते जमा-नावेपुरते. पण माझ्यासमोर दिवसभर एक पडदा उजळलेला असतो, एवढ्या भांडवलावर मी तज्ज्ञ ठरलो आहे. दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये ही आमच्या अंबानगरीची रीत, म्हणून मी उत्तर देतो. आणि गेली काही वर्षे ते एकच आहे. टॅबलेट घेऊ नका. डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर ती गोळी जरूर घ्या. ही घेऊ नका.

यावर लोक दुखावतात. टॅबलेट दिसतो गोजिरवाणा. दुकानातला पोरगा तो हातात ठेवतो तो असा की, जणू नवजात बाळच दाखवतो आहे. लॅपटॉपचे मात्र वधूपरीक्षेत मागे उभ्या केलेल्या थोरल्या बहिणीसारखे होते. गुण सगळे, पण नजर धाकटीवर.

माझी तक्रार वस्तूवर नाही. आमच्या तीर्थरूपांना अक्षरे मोठी करून वर्तमानपत्र वाचायला टॅबलेटइतके सोयीचे काही नाही, आणि सासूबाई दुपारी त्यावर कीर्तन लावून त्याच्या साक्षीने झोपतात. खुशाल झोपावे. पंगतीत बसायचे असेल तर पत्रावळ पुरते. पण रोडगे करायचे असतील तर गोवऱ्या पेटवाव्या लागतात, कणीक तिंबावी लागते, धूर डोळ्यांत जातो. शिकत्या पोराच्या हातात आपण पत्रावळ देतो आणि वर म्हणतो, "कर बाळा स्वयंपाक!"

अकोल्याचे आमचे साडू याच मुद्द्यावर माझ्याशी भांडतात. ते डाळ मिलमध्ये हिशेब लिहितात, म्हणजे धंद्याने माझे सख्खे भाऊच. त्यांची मुलगी अकरावी विज्ञानाला. साडूंचे म्हणणे, "भाऊ, टॅबलेट स्वस्त पडते, हलकं राह्यते, त्याच्यावर सारे क्लास दिसतात. आन् बटनाचा फलक मंग जोडता येते ना!" हा ‘मंग जोडता येते’ मोठा फसवा. टॅबलेट घ्या, मग बटणांचा फलक घ्या, मग त्याला उभे करायला टेकू घ्या, मग माऊस घ्या. बैल विकत घेऊन त्याला चाके लावण्यातला प्रकार. या सगळ्या पावत्यांची बेरीज मी साडूंना कागदावर मांडून दाखवली, तेव्हा त्यांनी चहा मागवला. हिशेबनीस हरला की चहा मागवतो.

पोरीने मात्र एकाच वाक्यात निकाल दिला. तिला वर्षभरासाठी शेजारच्या घरचा टॅबलेट वापरायला मिळाला होता. ती म्हणाली, "काका, त्याच्यात पाह्यता सगळं येते, करता काही येत नाही."

हे वाक्य मंत्रालयात मोठ्या अक्षरांत लावायला हवे. नागपूरची ‘महाज्योती’ संस्था जेईई, नीट, सीईटीची तयारी करणाऱ्या मुलांना मोफत टॅबलेट आणि रोजचा डेटा देत आली आहे. देते हे चांगलेच. ज्या घरात काहीच नव्हते तिथे काहीतरी पोचले. पण २०१९ पासून एमएचटी-सीईटी संगणकावर होते, जेईई मेनही संगणकावर होते, आणि परीक्षा केंद्रात समोर काय असते? मोठा पडदा आणि माऊस! वर्षभर बोटाने सराव केलेले पोर तिथे पहिली पाच मिनिटे पडद्याला बोट लावून बघते. तिकडे तामिळनाडूने २०११ साली विद्यार्थ्यांना फुकट लॅपटॉप वाटायला घेतले. राजकारण दोन्हीकडे असेलच, त्याबद्दल बँकेच्या कारकुनाने बोलू नये. एवढेच दिसते की एकाने पोरांना ऐकायला बसवले आणि दुसऱ्याने लिहायला.

आणि अर्ज? बँकेच्या नोकरीचाच घ्या. आयबीपीएसच्या अर्जाला फोटो लागतो २० ते ५० केबीचा, सही १० ते २० केबीची, अंगठ्याचा ठसा वेगळा, आणि स्वतःच्या हस्ताक्षरातले प्रतिज्ञापत्र ५० ते १०० केबीचे. संगणकाच्या जगात शिरायला हस्ताक्षर लागते, ही गंमत सोडून द्या. पण १९ केबीची सही २१ ची झाली की अर्ज तिला ओळख दाखवत नाही. लॅपटॉपवर हे काम दहा मिनिटांचे. टॅबलेटवर तीच सही कापा, दाबा, नाव बदला, मग ती कुठे जाऊन बसली ते शोधा. तोवर पान स्वतःहून ताजेतवाने होते आणि भरलेले सगळे कोरे. २०२२ च्या जूनमध्ये आमच्या अमरावती-अकोला महामार्गाचे ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत उरकून गिनीज बुकात नोंद झाली. त्याच रस्त्यावरच्या गावांतली पोरे एक सही चढवायला सायबर कॅफेत रांग लावून बसलेली मी पाहिली आहेत.

आता ऊन. टॅबलेटांचे माहेरघर जी ॲपल कंपनी, तिचे लेखी म्हणणे असे की यंत्र ० ते ३५ अंशांत वापरावे, आणि नुसते ठेवायचे असले तरी ४५ च्या वर ठेवू नये. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो. काही वर्षी ४७ च्या आसपास जाऊन टेकतो. म्हणजे अकोल्यात ते वापरायचे तर नाहीच, बंद करून कपाटातसुद्धा ठेवायचे नाही! आमच्याकडे ३५ अंशांना लोक "आज बरं गार आहे" म्हणून बाहेर पडतात. लॅपटॉपवालेही ३५ चाच आकडा छापतात, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण बहुतेक लॅपटॉपांच्या पोटात पंखा असतो. तो घरघरतो, धापा टाकतो, पण वऱ्हाडी माणसासारखा काम चालू ठेवतो. टॅबलेट तापला की ‘थंड होऊ द्या’ अशी पाटी लावतो आणि डोळे मिटतो. दुपारी एक ते चार दुकान बंद.

या दोघांमध्ये एक तिसरा होता, त्याची आठवण काढल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. नेटबुक! २००७ साली तैवानच्या आसुसने ईई पीसी काढला. सात इंचांचा पडदा, वजन किलोच्या आत, आणि बटणे खरीखुरी. त्याच वर्षी आपल्या रायगड जिल्ह्यात खैराट नावाच्या छोट्या गावातल्या एकशिक्षकी शाळेत पोरांच्या हाती हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. अमेरिकेतल्या निकोलस निग्रोपॉन्टे यांच्या ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ योजनेतले. त्याला सशाच्या कानांसारखे दोन कान होते, धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून रबरी बटणे होती, आणि पडदा भर उन्हात वाचता येई. भर उन्हात! ते यंत्र आखले अमेरिकेत, पण आखणाऱ्याने मनात मूर्तिजापूर धरले असावे असे मला नेहमी वाटते. ते गाजले शंभर डॉलरचे म्हणून, पडले जवळजवळ दुप्पट. दिल्लीने तर २००६ मध्येच त्याला नकार कळवला होता.

मग २०१० मध्ये आयपॅड आला आणि सगळ्या जगाची मती फिरली. आपल्या सरकारने ५ ऑक्टोबर २०११ रोजी, कपिल सिब्बल मंत्री असताना, ‘आकाश’ नावाचा टॅबलेट काढला. सरकारला तो २,२७६ रुपयांना पडे. त्याच्या पडद्याला नुसते शिवून भागत नसे, दाबावे लागे. मालिश करावे तसे. आकाश कधी जमिनीवर आले ते कोणाला कळलेही नाही. तिकडे २०१३ च्या सुरुवातीला नेटबुक बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपन्यांनीही हात झटकले. नेटबुक मंद होते, मान्य. पण ज्याने ते बनवले त्याने यंत्र लहान करताना बटणे राखली होती. हे पोर कधीतरी काही लिहील, एवढा विश्वास त्यात होता. टॅबलेटवाल्याने तो विश्वासच काढून टाकला आणि त्या जागी काच बसवली.

कोणी म्हणेल, बँकेतल्या माणसाने संगणकाची तरफदारी करावी यासारखा विनोद नाही. खरे आहे. १९८४ साली रंगराजन समितीने बँकांत यंत्रे आणायचा अहवाल दिला, तेव्हा आमच्या आधीच्या पिढीने संगणकाविरुद्ध मोर्चे काढले होते. त्यांना भीती होती की यंत्र आले की माणूस नुसता बघत बसेल. ती भीती चाळीस वर्षे उशिरा खरी होते आहे. फक्त बँकेत नाही, घरात, गादीवर, लोडाला टेकून.

मग घ्यायचे काय? साधा, जाडसर, दिसायला सामान्य लॅपटॉप. ८ जीबी रॅम, एसएसडी, आणि विकत घेताना विचारायचे की रॅम, बॅटरी, कळफलक बदलता येतो का. टॅबलेटची काच डिंकाने चिकटवलेली. फुटली की दुरुस्तीवाला पाहुण्याच्या आजारपणाची चौकशी करावी तसा चेहरा करतो. बजेट कमी असेल तर कार्यालयांतून निघालेले जुने लॅपटॉप मिळतात. फक्त एक पाहा: १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, आणि फार जुनी यंत्रे विंडोज ११ घेत नाहीत. अशा यंत्रात फुकटचे लिनक्स घाला, ते मराठीतही चालते. आयकर खाते संगणकावर दरसाल ४० टक्के घसारा धरते. म्हणजे पाच वर्षांत पुस्तकी किंमत उरते थोडकीच. पण पोरगी त्यावर पाच वर्षांत जे लिहील, त्याला कोणत्याच वहीत रकाना नाही.

इथून जवळच ऋद्धिपूर आहे. मराठी गद्याचा उगम सांगताना ज्याचे नाव घ्यावेच लागते ते ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी तिथे रचले. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठही झाले आहे. म्हाइंभट गावोगाव हिंडून आठवणी गोळा करत. त्यांना त्या काळी टॅबलेट मिळाला असता, तर त्यांनी त्या आठवणी पुढच्याला पाठवून दिल्या असत्या आणि खाली हात जोडलेले चित्र टाकले असते.

परवा साडू शेवटी दुकानात गेले. मी त्यांना एकच परीक्षा सांगून ठेवली होती: मराठी फलक लावायला सांगा आणि ‘वऱ्हाड’ एवढा शब्द लिहून मागा. लॅपटॉपच्या इनस्क्रिप्ट फलकावर तो सरळ येतो. व, मग शिफ्ट धरून ऱ, त्याचा पाय मोडा, ह, काना, ड. दुकानातल्या पोराने टॅबलेटच्या काचेवर बराच वेळ बोटे नाचवली आणि ‘वर्हाड’ काढून दाखवले. साडू म्हणाले, "हे आपलं नोहे." पोरगा म्हणाला, "समजून घ्या ना राजेहो, एका रफाराचं काय!" डाळ मिलमध्ये दाण्याची तूट न सोडणारे आमचे साडू चष्मा पुसत म्हणाले, "रफार आमचा आहे बाप्पा. तो लॅपटॉप काढ इकडे."