जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशला नावं ठेवणाऱ्यांसाठी



आज जरा भांडायला बसलोय. विषय म्हटलं तर एवढासा, पण दोन महिने डोक्यातून जात नाहीये.

आमच्या नातवानं कपाटातला माझा जुना कॅनोनेट बाहेर काढला. रेंजफाइंडर कॅमेरा, खिडकीतून बघून दोन प्रतिमा एकमेकींवर आणायच्या, जुळल्या की फोकस झाला. त्यानं तो साफ करून आणला, रोल भरला. मला आनंदच झाला. गौरीजेवणाच्या दिवशी घरभर फिरून ३६ फोटो काढले. मी फ्लॅश काढून दिला तर म्हणतो, "आजोबा, जुन्या कॅमेऱ्याला फ्लॅश लावायचा नसतो. फोटो मरतो. असलेल्या उजेडातच मजा आहे."

रोल धुऊन आला. अंगणातले सात-आठ फोटो सुरेख. माजघरातले बाकी सगळे एक तर काळे, नाहीतर हललेले. त्यात आमच्या थोरल्या वहिनी होत्या, वय ८८, पाट मांडून पुरण वाटत बसलेल्या. फोटोत दिसतो फक्त बांगड्यांचा एक पांढरा फराटा. दिवाळीच्या आधी वहिनी गेल्या. तो त्यांचा शेवटचा फोटो.

पोरावर मी रागावलो नाही. राग आहे तो या "असलेल्या उजेडाच्या" मंत्रावर.

असलेला उजेड म्हणजे किती हो? बडोद्यात दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे. माजघराला एक खिडकी, तीही बोळात उघडणारी, आणि वर ४० वॅटचा एक बल्ब. आमच्या वेळच्या १२५ एएसएच्या फिल्मवर, १.७ ची लेन्स पूर्ण उघडली तरी तिथे पाव सेकंद लागायचा. पाव सेकंदात पुरण वाटणारा हात कुठल्या कुठे जातो. शिवाय लेन्स इतकी उघडली की दोन मीटरवर जेमतेम वीतभर खोलीचंच स्पष्ट येतं. पुढची जाऊ दिसते, मागची धुक्यात. तोच फोटो फ्लॅश लावून ८ च्या आकड्यावर काढा, मीटरभर खोली स्पष्ट येते आणि लखलखाट हजारांश सेकंदाच्या आत आटपतो. हात हलला तरी बिघडत नाही.

हिशेब कॉमर्सवाल्यालाही जमतो असा आहे. फ्लॅशच्या गाइड नंबरला अंतरानं भागायचं. नंबर २०, माणूस अडीच मीटरवर, तर लेन्स ८ वर. ५ मीटरवर असेल तर ४ वर. झालं. बँकेत यापेक्षा अवघड भागाकार रोज केले.

कॅनोनेटसारख्या कॅमेऱ्यांत शटर लेन्सच्या आतच असतं. ते १/५०० सेकंदालाही पूर्ण उघडतं, म्हणून कुठल्याही वेगाला फ्लॅश चालतो. ज्या लायका एम-३ चं एवढं कौतुक, तिचं कापडी पडद्याचं शटर फ्लॅशबरोबर १/५० च्या पुढे नेलं की अर्धा फोटो काळा. म्हणजे "लावायचा नसतो" ही समजूत उलटीच. हे कॅमेरे फ्लॅशसाठी गैरसोयीचे नव्हते, सोयीचे होते.

आता माझीही चूक कबूल करतो. १९७४ मध्ये धाकट्या बहिणीच्या लग्नात सगळा रोल कोरा आला. तेव्हाच्या कॅमेऱ्याला एम आणि एक्स अशा दोन खुणांचा खटका होता. एम हा जुन्या बल्बसाठी. बल्ब पेटायला वेळ लागतो म्हणून शटर किंचित उशिरा उघडतं. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशला एक्स लागतो. माझा खटका एमवर राहिला. फ्लॅश पडून गेल्यावर शटर उघडत होतं. आई बरेच दिवस बोलली नाही. पण दोष फ्लॅशचा नव्हता, माझ्या अज्ञानाचा होता.

"चेहरे पांढरेफटक येतात, मागे भुतासारखी सावली पडते," असं म्हणतात. खरंय, फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावरच बसवला तर येतात. तो केबल लावून डाव्या हातात जरा उंच, बाजूला धरा. चुन्याची पांढरी भिंत असेल तर तिच्यावर मारा आणि लेन्स दोन घरं उघडा. जुन्या वाड्यात छतावर मात्र मारू नका, काळं लाकूड सगळा उजेड गिळतं. काहीच नाही तर पांढरा रुमाल बांधा. (आणि वर्षानुवर्षं पडलेला फ्लॅश उघडून बघू नका, आत तीनशेएक व्होल्ट साठलेले असू शकतात.)

कोणी आँरी कार्तिए-ब्रेसाँचं नाव घेतं, ते फ्लॅश वापरत नसत म्हणून. नसतील. त्यांना आमच्या माजघरात पंगतीचा फोटो काढायचा नव्हता.

माझं खरं भांडण पुढचं आहे. आपापले अल्बम काढून बघा. बडोदं असो, ग्वाल्हेर, इंदूर की बेळगाव, पुरुष सगळीकडे उन्हात सापडतील. ओट्यावर, अंगणात, कचेरीच्या ग्रुप फोटोत. बायका लग्नानंतर एकदा स्टुडिओत, मग एकदम म्हातारपणी. मधली चाळीस वर्षं त्या कुठे होत्या? स्वयंपाकघरात, बाळंतिणीच्या खोलीत, देवघरात. जिथे उजेड नव्हता तिथे. फ्लॅश घरात आला तेव्हा त्या पहिल्यांदा फोटोत दिसल्या. आज "असलेला उजेडच खरा" म्हणणारा माणूस न कळत असं म्हणतोय, की जी अंधारात बसली तिचा फोटो नसला तरी चालेल.

माझ्याकडे आईचा एक फोटो आहे, शेगडीपुढे अनारसे तळताना, १९७६ चा. गाल जरा उजळलाय, कढईची सावली भिंतीवर. फोटो म्हणून दहापैकी चार गुण. पण कपाळावरचा घाम दिसतो, पदर खोचलेला दिसतो, आणि ती माझ्याकडे बघून "पुरे रे" म्हणतेय ते दिसतं.

वहिनींचा तसा एकही नाही.

नातवाला फ्लॅश पुन्हा दिलाय, या खेपेस त्यानं घेतला. तुमच्याकडे स्वयंपाकघरातल्या आई-आजीचा असा फ्लॅशमधला फोटो असेल तर इथे टाका. पांढराफटक असला तरी टाका.