रजेचा अर्ज

वसईला निघालो तेव्हा मी बाटूनच परत येणार, अशी आमच्या आईची खात्री झाली होती. निमित्त एवढेच, की शेजारच्या बिऱ्हाडातल्या वसईकर मावशींच्या चर्चमधली तरुण मंडळी उपवासकाळात सेवा करायला एका व्यसनमुक्ती केंद्रात निघाली होती. केंद्रही चर्चचेच. मावशी म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही लिहिणारे. आमच्याबरोबर चला आणि तिथे चार शब्द बोला." चार शब्द बोला म्हटल्यावर कोणता लेखक घरी बसेल?

गाडीत मी भाषण जुळवले. संतांची वचने, दारूने धुळीला मिळालेली घराणी आणि शेवटी सर्वांकडून सामुदायिक शपथ! कागद खिशात घालून मी निश्चिंत झालो.

केळीच्या वाडीतले ते बैठे कौलारू घर. आम्ही शिरलो तेव्हा पंचवीस-तीस माणसे क्रूसाखाली सतरंज्यांवर शवासनात पडलेली. आई बरोबर असती तर गोंधळलीच असती! तिथले फादर हसून म्हणाले, "ही वाट वांद्र्याची." वांद्र्याला १९८१ साली फादर जो परेरा यांनी 'कृपा' ही संस्था सुरू केली. ते स्वतः दारूच्या तावडीतून सुटलेले आणि बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'च्या बारा पायऱ्यांना त्यांनी योगासनांची जोड दिली. ती चळवळ मूळची अमेरिकेतली. १९३५ साली अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन हा शेअरबाजारातला माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हे शल्यविशारद भेटले. दोघेही दारूने पोळलेले. एका दारुड्याने दुसऱ्याशी मोकळेपणी बोलत राहावे, त्याने दोघेही सावरतात, हे त्यांना उमगले. त्या पायऱ्यांत देव आहे. पण ज्याला जसा समजेल तसा.

आमची तरुण मंडळी भाजी चिरायला सरसावली, तोच तिथल्या माणसांनी आम्हालाच बसवून चहा दिला. कप देणाऱ्या एकाचे हात थरथरत होते. फादर म्हणाले, "वर्षानुवर्षे पिणाऱ्याने एकदम सोडली, तर झटके येतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून पहिले काही दिवस डॉक्टरांची नजर हवी. घरात कोंडून दारू सोडवणे हे शौर्य नव्हे."

मग सभा भरली. एकेकाने उठावे, नुसते नाव सांगावे आणि म्हणावे, "मी दारुडा आहे. आज प्यालो नाही."

"शपथ नाही घेत?" मी हळूच विचारले.

"शपथा यांनी घरी पुष्कळ घेतल्यात," फादर म्हणाले. "आईच्या गळ्याच्या, मुलांच्या डोक्यावर हात ठेवून. इथे फक्त आजचा दिवस."

एक पिकल्या केसांचा गृहस्थ उठला. पूर्वी कुठेसा कारकून होता. म्हणाला, "मला सर्वांत जास्त दारू माझ्या थोरल्या भावाने पाजली. तो स्वतः सुपारीसुद्धा खात नाही. पण माझी उधारी तोच फेडायचा, कचेरीत माझ्या आजारपणाची चिठ्ठी तोच पाठवायचा. मला कशाचीच झळ लागली नाही. मग मी सोडू तरी कशाला?"

वाचकहो, मला दरदरून घाम फुटला. कारण नऊ वर्षे माझ्या धाकट्या भावाच्या रजेचे अर्ज मीच लिहीत होतो! कधी विषमज्वर, कधी कावीळ. एकदा तर चांगली हिंडतीफिरती आत्या मी अर्जात मारून टाकली. शेजाऱ्यांना आम्ही सांगत असू, त्याची प्रकृतीच नाजूक. आणि मी त्याला शहाणपण शिकवण्याऐवजी परक्यांना शिकवायला आलो होतो.

"भाऊ, आता तुमचे चार शब्द," फादर म्हणाले.

मी उठलो. खिशातला कागद काही काढवेना. म्हणालो, "माझा भाऊ दारू पितो." आणि खाली बसलो. चारच शब्द झाले. कुणी टाळी वाजवली नाही, की कुणी चकितही झाले नाही. शेजारच्याने थोडे सरकून मला नीट बसायला जागा दिली.

परतताना मावशी म्हणाल्या, "घरच्या माणसांच्याही अशा सभा असतात. मी तीन वर्षे जाते आहे. यांची दारू नंतर सुटली. माझं खोटं बोलणं आधी सुटलं."

आषाढात वहिनी पुन्हा अर्जासाठी आली. मी लिहिला नाही. घरात वादळ झाले. आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. भावाला कचेरीतून ताकीद मिळाली. श्रावणात तोच म्हणाला, "दादा, तू गेला होतास तिथे मला सोड." आई म्हणाली, "पुण्याचं मुक्तांगण आहे की!" खरेच होते, १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेले. पण भावाला वाडीच हवी होती.

महिन्याने तो परतला. गणपतीत एकदा घसरला, स्वतःहून पुन्हा गेला. हे लिहितो आहे तेव्हा तो ओसरीवर कंदिलाला कागद चिकटवतो आहे. आज प्यालेला नाही. उद्याचे मी विचारत नाही.

आत्ताच आईने स्वयंपाकघरातून हाक मारली. "अरे, फराळाचा एक डबा वसईला न्यायचा आहे. तुझ्या त्या फादरना तिखट चकली चालते का?"