तारण म्हणजे केवळ मेल्यावरची गोष्ट काय?



तारण हा शब्द तुमच्या चांगला ओळखीचा आहे. कर्जापायीं जमीन किंवा दागिना पूर्वीं सावकाराकडे, हल्लीं सोसायटीकडे अगर बँकेकडे अडकतो, तें तारण. हाच शब्द ख्रिस्ती उपदेशकाच्या तोंडीं आला म्हणजे त्याचा अर्थ होतो सुटका. तारणें म्हणजे बुडत्याला पैलतीरीं नेणें, हा मूळ अर्थ. सावकाराच्या वहींतलें तारण सावकाराला तारतें, एवढाच फरक!

पुष्कळ उपदेशक सांगतात कीं, तारण ही आत्म्याची बाब, तिचें फळ मेल्यावर स्वर्गांत. कर्ज, आजार, पोट या प्रापंचिक गोष्टींची भेसळ तींत नको. प्रस्तुत लेखक त्या धर्माचा नाहीं, आणि कोणाचा विश्वास मोडावा असा हेतुहि नाहीं. परंतु त्यांचाच ग्रंथ उघडला असतां हें म्हणणें टिकत नाहीं.

जुन्या करारांतील लेवीय नांवाच्या पुस्तकाचा २५ वा अध्याय पाहा. गरिबीमुळें ज्यानें जमीन विकली, त्याची जमीन जवळच्या भाऊबंदानें सोडवावी. ज्यानें स्वतःलाच परक्याला विकलें, त्यालाहि सोडवावें. आणि पन्नासाव्या वर्षीं जमीन मूळ घराण्याकडे परत जाऊन बांधव मोकळा व्हावा, अशी तेथें आज्ञा आहे. (परदेशी दासांना मात्र ही सवलत नव्हती. हा त्या कायद्याचा दोष आम्ही झांकीत नाहीं.) अशा सोडविणाऱ्या भाऊबंदाला इब्री भाषेंत गोएल म्हणत, आणि पुढें यशयाच्या पुस्तकांत हेंच नांव देवाला दिलें आहे. देवाला नांव द्यायचें तें गहाण सोडविणाऱ्याचें! मग गहाणाची गोष्ट प्रापंचिक म्हणून दूर कशी लोटतां?

नव्या करारांतहि तेंच. बारा वर्षें रक्तस्रावानें पिडलेली, वैद्यांपायीं होतें नव्हतें तें घालवून बसलेली बाई बरी झाली, तेथें ग्रीक भाषेंत जें क्रियापद आहे तेंच तारण्यालाहि आहे. आणि यरीहोचा जक्कय! हा जकातदारांचा मुख्य, गबर झालेला. अर्धी मालमत्ता गरिबांना देतों, ज्याला लुबाडलें त्याला चौपट परत करतों, असें तो उभा राहून बोलला, तेव्हां येशूनें आज या घराला तारण झालें असें म्हटलें. आज म्हटलें, मेल्यावर नव्हे. पापच मूळ आहे असें उपदेशक म्हणतील. असेल, पण जक्कयाचें पाप त्याच्या पेटींत होतें, आणि पश्चात्तापहि पेटींतूनच बाहेर निघाला.

हा अर्थ धनिकांना फार पूर्वींच उमगला होता. इ. स. १८०७ सालीं लंडनमध्यें वेस्ट इंडीज बेटांवरील काळ्या गुलामांसाठीं बायबलांतील निवडक भागांचें एक पुस्तक छापलें गेलें. मोशेनें इस्राएल लोकांना मिसरच्या दास्यांतून बाहेर काढल्याची हकीकत त्यांतून कापली होती; दासांनीं धन्याची आज्ञा पाळावी हा उपदेश मात्र शाबूत होता. स्वर्ग ठेवला, बेडी तुटण्याची गोष्ट काढली! तारण खरोखर केवळ मेल्यावरचें असतें, तर ही कात्री चालविण्याचें कारणच काय होतें? जोतीरावांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेंतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. त्यांना मुक्ति कशाला म्हणतात हें कोणी शिकवावें लागलें नाहीं.

आमच्या बायाबापड्यांनाहि लागत नाहीं. बाळंतीण सुखरूप झाली कीं मोकळी झाली म्हणतात, सातबाऱ्यावरचा बोजा उतरला कीं सुटलों म्हणतात. पंडिता रमाबाईंनीं १८९६-९७ च्या दुष्काळांतल्या निराधार मुली केडगांवीं आणल्या, त्यांना अन्न, निवारा व विद्या दिली, आणि त्या जागेचें नांव ठेवलें मुक्ति. त्यांनीं स्वतः केलेलें बायबलाचें मराठी भाषांतर पुढें १९२४ सालीं तेथेंच छापून निघालें. आतां जे उपदेशक पोटाची व आत्म्याची अशी वाटणी करतात, त्यांनीं केडगांवच्या त्या पहिल्या भाकरीला कोणत्या वाट्याला घालायचें तें सांगावें. त्यांचें उत्तर याच पत्रांत छापून यावें अशी आमची संपादकांस विनंति आहे.