चाकं कुणाच्या मापाची?

दुकानदार सगळं बोलत होता ते आमच्या ह्यांच्याशी. विकत घ्यायची होती बोटीची चाकं आणि ओढणार होते मी! 1893 साली जगात सगळ्यात आधी बायकांना मतदानाचा हक्क देणाऱ्या न्यूझीलंडमधली ही गोष्ट. म्हटलं, चला, पुण्यापासून फार लांब आलो नाही आपण.

ऑकलंडला आलो आणि इथल्या लोकांसारखी आम्हीही एक बोट घेतली. हवा भरायची, नऊ फुटी. ती 35 किलो, इंजिन 25 आणि पेट्रोलची टाकी 10. गेल्या वर्षी ह्यांच्या पाठीचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली आणि बोट गॅरेजमध्ये जाऊन पडली. ‘‘विकून टाकू या,’’ हे म्हणाले. मी म्हटलं, ‘‘का? मी आहे ना! चाकं लावू.’’

बोट वाळूतून फरफटत न्यायची सोय नाही, शिंपल्यांनी तळ घासतो. त्यात आमचा ओरेवाचा किनारा सपाट. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की चालून चालून पाय दुखतात. म्हणून बोटीच्या मागच्या फळीला दोन चाकं बसवायची, पुढचं टोक उचलायचं आणि हातगाडीसारखं ओढत न्यायचं. पाण्यात गेलं की चाकं वर दुमडायची.

दुकानदाराने पुढे केली ती छोटी, कडक, चकचकीत चाकं. सिमेंटच्या उतारावर झकास चालतील, पण ओल्या वाळूत रुततील. मऊ वाळूला रुंद, कमी हवेची, फुगीर चाकं हवीत. अर्थात त्यांचीही खोड आहेच. ती पाण्यावर तरंगतात, त्यामुळे परतताना पाण्यात उभं राहून खाली दाबताना दमछाक होते. शिवाय खारं पाणी. सांगाडा चांगल्या स्टीलचा हवा आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुणं आलंच.

पण खरी मेख वेगळीच. पुढचं टोक जितकं वर उचलाल तितकी मागची बाजू खाली जाते आणि इंजिन जमिनीला टेकतं. म्हणजे चाकांची उंची उचलणाऱ्याच्या उंचीवर ठरवायला हवी! हे सहा फुटी, मी पाच फुटी. दुकानदाराने मला एकदाही विचारलं नाही.

घरी येऊन मी बाथरूममधला वजनकाटा बोटीच्या टोकाखाली ठेवला. टाकी पुढे असताना काटा 22 किलो दाखवत होता. टाकी मागे, चाकांजवळ सरकवली तर 16! सहा किलो कमी झाले, तेही फुकटात. ह्यांनी इतकी वर्षं टाकी पुढेच ठेवली होती, कारण त्यांना ते वजन कधी जाणवलंच नव्हतं.

मैत्रिणींनो, हे तुम्हाला नवीन नाही. आठवा, स्वयंपाकघराचा ओटा कुणाच्या उंचीने बांधला जातो? गॅसचा भरलेला सिलिंडर जवळजवळ 30 किलोचा. तो तिरका करून, कडेवर गोल गोल फिरवत आपण नेतोच की नाही? आपण युक्त्या शोधतो, कंबर धरतो आणि वस्तू मात्र दुसऱ्याच कुणाच्या मापाची येत राहते.

माझं म्हणणं एवढंच की वस्तू जो वापरणार, त्याच्या मापाने ती निवडावी. आणि घरात वापरणारे अनेक असतील तर सगळ्यात कमी ताकदीच्या माणसाच्या मापाने. धट्टाकट्टा माणूस काय, कशीही ओढेल. सोपी वस्तू त्याला काही जड होत नाही.

दुसऱ्या दुकानातून मी रुंद चाकं आणली. मागच्या रविवारी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून मी एकटीने बोट पाण्यात नेली. हे मागून नुसते चालत होते, हातात चहाचा थर्मास घेऊन. मधेच म्हणाले, ‘‘अगं, जरा हळू, मला गाठू दे!’’

खरं सांगते, गेल्या कित्येक वर्षांत इतकं छान वाक्य ऐकलं नव्हतं.