चिंध्यांचा कागद

'कागद' हा शब्द कुठला, असे वर्गात विचारले की मुले हमखास संस्कृतचे नाव घेतात. आम्ही सांगतो, बाळांनो, शब्द फारसीतून आला आणि वस्तू चीनमधून.

इ.स. १०५ मध्ये त्साई लुन या दरबारी अधिकाऱ्याने झाडाची साल, चिंध्या आणि मासेमारीची जुनी जाळी कुटून कागद केला व बादशहापुढे ठेवला. कागदाचे त्याहून जुने तुकडे वायव्य चीनमध्ये सापडले आहेत. म्हणून त्याने कृती पक्की केली, एवढेच म्हणणे बरे. पूर्वी तिथे बांबूच्या पट्ट्यांवर नाहीतर रेशमावर लिहीत. एक जड, दुसरे महाग.

तलासच्या लढाईत (७५१) पकडलेल्या चिनी कैद्यांनी समरकंदला ही कला शिकवली, असे पुष्कळ पुस्तकांत असते. किस्सा झकास आहे, पण कागद मध्य आशियात त्याआधीच पोहोचला होता. बगदादला तो आठव्या शतकाअखेर तयार होऊ लागला. हारून रशीदच्या कचेऱ्यांनी तो का उचलला? कारण अगदी व्यवहारी. कातड्यावरची शाई खरवडून आकडा बदलता येतो. कागद शाई पिऊन घेतो, खाडाखोड लपत नाही! मग वर्राकांचा, म्हणजे कागद विकणाऱ्यांचा आणि नकलनविसांचा, बाजारच उभा राहिला. शंभराहून अधिक दुकाने होती. अशाच एका वर्राकाचा मुलगा इब्न नदीम. त्याने ९८७-८८ च्या सुमारास 'अल-फिहरिस्त' ही अरबी ग्रंथांची थोरली यादी केली.

छपाईही चिनीच. ठशांनी छापलेले ८६८ चे वज्रसूत्र आज लंडनला आहे. मिसरमध्ये ठशांनी तावीज छापले जात. तावीज बरं का, किताबे नाहीत! इस्तंबूलला इब्राहीम मुतफर्रिकांच्या छापखान्यातून पहिले पुस्तक, एक अरबी-तुर्की शब्दकोश, निघाले ते १७२९ साली. कातिबांची रोजी, खुशखतीचा अभिमान, अशी कारणे सांगतात. ती खरीही असतील. पण ज्यांनी कागद इतक्या तत्परतेने घेतला, त्यांनी ठसा हातात असून किताब छापली नाही, हे आम्हाला खटकते.

दौलताबादहून खुलताबादला जाताना कागजीपुरा लागतो. तिथल्या कागजी घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हातकागद केला. चिंध्या, लगदा, चाळणी, वाळवण. कृती त्साई लुनचीच.